एक शब्द अक्कासाठी

कमलअक्कांवर अन्याय झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, धुळ्यात, जुन्या टांगा स्टँडमागच्या वाचनालयाच्या दारात. आतलं पेपरांचं टेबल उचललं गेलं होतं, तिथे फी भरणाऱ्या मुलांच्या अभ्यासिकेच्या खुर्च्या आल्या होत्या, आणि शहात्तर वर्षांच्या बाईला सांगितलं गेलं, आजी, पेपर मोबाईलवर वाचा. कुणाला विचारलं नाही, साधी सूचना लावली नाही. एक टेबल गेलं, त्यात एवढं काय, असं म्हणणाऱ्यांनी आता अक्कांचं ऐकावं.

मी एरंडोलकडची, बाप दुसऱ्याच्या मळ्यात राबायचा, आम्ही पाच बहिणी, शाळेचं दार मी बाहेरूनच पाहिलं. लग्न होऊन धुळ्याला आले, मालक कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, आणि मी टांगा स्टँडवर घोड्यांसाठी लसूणघासाच्या पेंढ्या विकायला बसायची. वीसेक टांगे असायचे, काय सांगू तुम्हाला, सकाळचा तो ओल्या घासाचा वास, लिदीचा वास, आज लोक नाक धरतील, मला मात्र तो अजून यावासा वाटतो.

पेपर एकच यायचा, कासमभाई टांगेवाल्यांचा. बातम्या राहिल्या बाजूला, आधी शब्दकोडं. कानावर पेन्सिल ठेवून ते टांग्याच्या पायरीवर बसायचे, मोठ्याने विचारायचे आणि बठ्ठा, म्हणजे अख्खा स्टँड ओरडायचा. एकदा अडले. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती वाळकी काटकी, तीन अक्षरं. कुणी काय म्हणे, कुणी काय. मी पेंढ्या बांधता बांधता म्हटलं, अहो पऱ्हाटी, चुलीत काय घालता तुम्ही? बसली बरोबर. कासमभाई म्हणाले, अक्का, तू तर बिनशाळेची मास्तरीण, ये, तूच लिही, आणि पेन्सिल पुढे केली. मी हात मागे घेतला. बठ्ठे हसले, मीपण हसले, पण ते हसणं घरी गेल्यावरही टोचत राहिलं.

दसऱ्याला स्टँडवाल्यांची शर्यत असायची, पांझरा नदीच्या काठाने, टांगे सोडून नुसते घोडे. पैजा जिलेबीच्या, विडीच्या बंडलाच्या. त्या वर्षी सगळे कासमभाईंच्या बादशहावर, काळाभोर, तुकतुकीत, डोक्यावर तुरा. मी म्हटलं, माझी पैज हिरीवर. हिरी म्हणजे नामदेवनानांची घोडी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. नाना स्वतःच म्हणाले, अक्का, घोडास्नं तुले काय समजस? मला काय समजतं? अहो, तुम्ही पेपर बघता, मी रोज दोन वेळा घोड्यांची तोंडं बघते. बादशहा चार दिवस नुसता पाला खुडून काड्या टाकत होता, मन नव्हतं त्याचं कशात. हिरी काडी सोडत नव्हती, वर माझा पदर ओढायची.

कासमभाई म्हणाले, लावतेस काय? मी म्हटलं, हिरी हरली तर महिनाभर तुमच्या बादशहाला घास फुकट. जितनी तर माले वाचाले शिकाडा. कुणी हसलं नाही मग. महिनाभराचा घास म्हणजे आमची चूल हो, मालकाला कळलं असतं तर घरात घेतलं नसतं मला. शर्यत सुटली आणि मी डोळे मिटले, एकवीरा आईला म्हटलं, बाई, सांभाळ. मोठा ओरडा झाला, वाटलं गेली चूल. डोळे उघडते तर बादशहा मधेच खांबासारखा उभा, कासमभाई त्याला शिव्या घालताहेत, आणि नाना हिरीच्या पाठीवर पार पुढे, ढसाढसा रडताहेत.

दुसऱ्या दिवशी पेपर आला, कोडं सुटलं, पण एक शब्द मोकळा. कासमभाई म्हणाले, हा अक्कासाठी, कुणी हात लावायचा नाही. मग रोज एक शब्द. त्यांनी हात धरून गिरवून घ्यायचा, मी चुकायचं, त्यांनी म्हणायचं, तुझ्यापेक्षा बादशहा लवकर शिकला असता. लेकीला शाळेत घातलं तेव्हा मी सही केली. अंगठा नाही, सही.

टांगे गेले, रिक्षा आल्या, हिरी गेली, नाना गेले. आम्ही दोघं वाचनालयात भेटायला लागलो. ते आधी येऊन कोडं सोडवायचे, एक शब्द ठेवायचे. वाचनालयवाला चिडायचा, चाचा, पेपर सगळ्यांचा आहे, लिहू नका. ते म्हणायचे, सगळ्यांचा आहे म्हणून तर एक ठेवतो.

कासमभाई गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसले, कोडं अख्खं कोरं. सोडवलं मी, पण शेवटचा शब्द लिहायला हात होईना. ठेवला तसाच. संध्याकाळी बघते तर कुणीतरी भरला होता, वाकड्यातिकड्या अक्षरात, माझं पहिलं अक्षर होतं ना, तसंच. कोण ते आजवर माहीत नाही. मग मी रोज ठेवत गेले, आणि रोज कुणीतरी भरत गेलं.

आता टेबलच नाही. पोरं शिकोत, साहेब होवोत, माझा आशीर्वाद आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ते वाकडं अक्षर आता कुठे बसणार? मोबाईलवरचं कोडं नात दाखवते मला, चांगलं असतं, पण त्यात दुसऱ्यासाठी काही ठेवता येत नाही.

तुम्ही लिहिताय ना, मग हेही लिहा. मी सोमवारी सकाळी नऊ वाजता वाचनालयाच्या पायरीवर बसणार आहे, आणि टेबल परत येईपर्यंत रोज बसणार आहे. वाचणाऱ्यांनो, नुसती हळहळ नको. घरचा पेपर घेऊन या. कोडं सोडवून आणलं तरी चालेल, एक शब्द मोकळा ठेवा.