पहिल्या बाकावरचा मुलगा

हॉलिवूडजवळच्या बरबँकमधल्या औषधांच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या म्हातारीने तिच्यापुढच्या पन्नाशीच्या माणसाला ओळखलं.

"अरे, तू टीव्हीवरचा टॉबी ना! तुझे मालिकेतले बाबा गेले, त्यांच्या अंत्यविधीचा फोटो पाहिला मी. पहिल्या बाकावर बसून केवढा रडत होतास!"

"चर्चमधल्या माणसाने मुलगा समजून तिथे बसवलं आणि मी गप्प बसलो. माझ्या बाबांचं काम करणाऱ्या हार्लन यांचा खरा मुलगा मागे दाराशी उभा होता."

"अरे देवा! भांडला का?"

"भांडला असता तर बरं झालं असतं, मावशी. मलाच विचारतो, 'बाबांना काय आवडायचं हो? नऊ वर्षं ते दिवसभर तुमच्याजवळच असायचे.'"

"मग?"

"मासेमारी, म्हणालो."

"हो तर! दर भागात गळ टाकून बसायचात की तुम्ही दोघं."

"ते मालिकेत. आता तो बिचारा दर रविवारी पोरांना घेऊन तळ्यावर बसतो आणि मला फोटो पाठवतो."

"मग खरं काय आवडायचं, ते सांगून टाक ना त्याला."

"ते मी हार्लनना कधी विचारलंच नाही."