पदराचं हळकुंड

(भातकुलीजवळचं गाव. दामिनीच्या माहेरची ओसरी, दुपार. नर्स दीपमाला, गावची दायी तानुबाई आणि दिवस भरत आलेली दामिनी.)

दीपमाला : ते हळकुंड परत करा, तानुबाई. दुसरं काही म्हणत नाही मी.

तानुबाई : परत करत नसतेत, सिस्टर. हिच्या मायनं, लीलाबाईनं, हिचं बाळंतपण माह्या हातून व्हावं म्हणून सातव्या महिन्यात माह्या पदराले बांधलं. ते सुटते बारशाले. मंधातच सोडलं त बाळंतिणीले सोडलं असं होते.

दीपमाला : बांधताना लीलाबाईंनी सांगितलं होतं का, पहिलं सिझर आहे म्हणून?

तानुबाई : नाई. पहिलं सासरी झालं, अकोल्याले. आमाले काय दिसते? परवा पोटाले तेल लावाले बसली तवा टाके दिसले.

दामिनी : मीच मायले नको म्हटलं. सांगतलं असतं त तुमी हात लावला नसता, मावशी.

दीपमाला : बरोबरच केलं असतं. मागच्या मीटिंगमध्ये सगळ्या दायांना सांगितलं, पहिलं सिझर असेल तर घरी करायचं नाही. गर्भपिशवीवर जुना टाका असतो. कळांच्या जोरानं उसवला, तर आतल्या आत रक्त जातं. अमरावतीला पोचेपर्यंत हाती काही लागत नाही. आणि तुम्ही केलंत, तर मला वर कळवावं लागेल. तुमचं काम जाईल.

तानुबाई : कामाचं जाऊ द्या. मीटिंगमदी मान हालवली ते काही झोपेत नाई हालवली. टाके पाह्यल्यापासून माह्या जिवाले घोर आहे. पण बांधून घेतलं ना म्या.

दामिनी : मले कोणी इचारन का?

तानुबाई : बोल ना, माय.

दामिनी : अकोल्याले दवाखान्यातल्या बायाईनं मले आत नेलं न दार लावलं. हे बाहेर, सासू बाहेर. पाणी मागतलं त 'थांब' म्हणे. आवाज केला त रागावल्या. मंग सही घेतली न कापलं. कशाची सही, ते बी समजलं नाही. मले ऑपरेशनचं भेव नाही, सिस्टर. तिथं एकटीनं पडून राहाचं भेव आहे.

तानुबाई : मंग तुले घरीच पाहिजे असं नाई?

दामिनी : मले तुमी पाहिजे.

दीपमाला : मग हे आधी नाही का सांगायचं? सरकारी दवाखान्यात आता सोबतीला एक बाई आत राहू देतात.

तानुबाई : मंग मी येतो. लेकराले हात लावत नाई, नुसती उशाशी उभी राहीन. हळकुंड बी सुटत नाई न तुमचा नियम बी मोडत नाई.

दीपमाला : पण तानुबाई, ती बाई स्वतः बाळंत झालेली लागते. तुम्हाला तर...

दामिनी : राहू द्या ना, सिस्टर.

तानुबाई : इचारू दे. झाली होती मी बाळंत. सेमाडोहले, धनी जंगलच्या कामावर होते तवा. घरात एकटीच होती. पोरगी झाली. रडली नाई.

दामिनी : गावात त म्हणतेत, तुमाले...

तानुबाई : म्हणतेत. म्या बी म्हणू देल्लं. सिस्टर, मले एवढंच सांगा. न रडलेलं लेकरू धरतेत का त्यात?

दीपमाला : धरतात.

तानुबाई : मंग गाडीवाल्याले सांगून ठेवा. दोघींची जागा लागन.