राखणीचं फळ

(जपानमधल्या यामानाशीतली आलुबुखारांची बाग, सगळी फुलांनी पांढरी झालेली. कात्सुया पंपात बुरशीचं औषध कालवतोय. त्याची आई मिसाओ चहा घेऊन आली आहे.)

मिसाओ : परत औषध बदललंस?

कात्सुया : बदलावंच लागतं, आई. फुलांआधी चुना-गंधक झालं, मग एका रासायनिक गटाचं औषध, आज दुसऱ्या गटाचं. लागोपाठ एकच गट मारला की बुरशी सरावते. मग औषध मार नाहीतर नळाचं पाणी मार, तिला सारखंच.

मिसाओ : तुझे बाबा होते तोवर एकच डबा वर्षभर पुरवायचे.

कात्सुया : म्हणून तर ही वेळ आली! दोन वर्षं फळसंघानं माल परत पाठवला, निम्मा कुजका. यंदाही तेच झालं तर बाग तोडायची, दुसरं काय?

मिसाओ : अभद्र बोलू नकोस रे.

कात्सुया : मग तू ते टांगणं बंद कर.

मिसाओ : काय टांगणं?

कात्सुया : वेड पांघरू नकोस. राखणीचं फळ, म्हाताऱ्या झाडाच्या शेंड्यावरचं. हंगामाचं शेवटचं फळ झाडाच्या राखणीला ठेवायचं, कबूल! अंगणातल्या डाळिंबाला ठेव की. आलुबुखाराचं वाळकं फळ म्हणजे बुरशीचं माहेर. एक सर आली की तिथूनच साऱ्या फुलांवर उतरते. मी खाली कितीही गट बदलले तरी.

मिसाओ : मी नाही टांगलं. या गुडघ्यांनी शिडी चढेन होय मी?

कात्सुया : मग कोण चढतं? थंडीत काढून जाळलं, तर दुसरं आलं. काल काढून बांधापाशी पुरलं. आज तेच वर लटकतंय, ओली माती लागलेलं. भाताच्या काडीनं बांधलंय, आई. बाबांची गाठ आहे ती. मला येत नाही, त्यांनी कधी शिकवलीच नाही.

मिसाओ : चहा घे. निवतोय.

कात्सुया : तुला माहितीये.

मिसाओ : निवतोय म्हटलं ना.

कात्सुया : आई, मला भीती वाटतेय. सांग.

मिसाओ : तुझी नखं बघ आधी.

कात्सुया : ...ही माती कसली? मी तर काल आंघोळ करून झोपलो.

मिसाओ : पहाटे उठतोस. त्यांचं जाकीट चढवतोस. शिडीवर डावा पाय आधी टाकतोस, ते टाकायचे तसा. आणि काडी दातात धरतोस.

कात्सुया : आणि तू नुसती बघत राहिलीस? बाग हातची चाललीये, आई! हलवून उठवायचं ना मला!

मिसाओ : दर वेळी ठरवते रे. उठवायचं म्हणूनच येते बागेत.

कात्सुया : मग?

मिसाओ : मग तू वरून मला नावानं हाक मारतोस. ‘मिसाओ, शिडी धर.’

कात्सुया : आणि तू?

मिसाओ : मी धरते.