'जो' म्हणून हाक मारली तेव्हा

(ऑस्ट्रेलियातल्या सोनखाणी, १८५३. ढासळलेल्या खड्ड्याच्या तोंडाशी होनोरा टिअर्नी. समोर घोड्यावर परवाने तपासणारा साहेब, मागं दोन शिपाई.)

होनोरा : तुम्ही मारलंत त्याला, साहेब. मातीनं नाही. तुम्ही!

साहेब : बाई, जीभ आवर. खड्डा ढासळला तेव्हा मी छावणीत होतो. ओरडा ऐकून आलोय.

होनोरा : काय ऐकलंत?

साहेब : 'जो! जो!' आम्ही दिसलो की तुमची माणसं हेच ओरडतात आणि बिनपरवान्याचे सगळे झाडीत पसार होतात.

होनोरा : ते मी ओरडले. माझ्या नवऱ्याचं नाव जो आहे.

साहेब : काय?

होनोरा : खाणीवर त्याला कुणी जो म्हणत नाही. मीसुद्धा टिअर्नीच म्हणते. पण माती धाडकन आत गेली आणि माझ्या तोंडून नाव निघालं. तशी सगळी दरी रिकामी! कुदळी टाकून, पाव निखाऱ्यात जळत ठेवून पळाले. मदतीला एक हात उरला नाही. कुणी लावली त्यांना ही सवय? सोनं लागो न लागो, परवाना पाहिजेच. नसला की माणूस साखळदंडानं झाडाला!

साहेब : कायदा मी केलेला नाही.

होनोरा : मग उतरा खाली. फावडं घ्या.

साहेब : माझे शिपाई खोदायला आलेले नाहीत. शिवाय... आतून काही आवाज?

होनोरा : घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. ओ देत नाही.

पेट्रॉक : वहिनी! अहो वहिनी! हाका बंद करा, तो घाबरलाय!

होनोरा : कोण, पेट्रॉक? त्या शेजारच्या पडीक खड्ड्यातून बोलतोयस?

पेट्रॉक : तुम्ही 'जो' ओरडलात, मी इथं उडी टाकली. माझ्याकडं कुठला परवाना! बसलो लपून, तर भिंतीपलीकडं कुणी खोकतंय. भोक पाडलं. टिअर्नी! जिता आहे!

होनोरा : खोटं बोलत असशील तर तिथंच पुरेन तुला.

पेट्रॉक : पाय फळ्यांत सापडला होता, सोडवला. तोंड शाबूत आहे. शिव्या ऐकायच्यात?

होनोरा : मग मेल्यानं ओ का दिली नाही?

पेट्रॉक : त्यालाही वाटलं, शिपाई आले! परवाना दुसऱ्या सदऱ्यात राहिलाय त्याचा. श्वास कोंडून बसला होता.

होनोरा : अगं आई गं! मी इकडं ऊर बडवतेय आणि हा नवरा माझ्यापासनं लपलाय! वर येऊ दे, बघतेच त्याला... नको, पेट्रॉक, असलं काही सांगू नकोस. म्हणावं, मी इथंच आहे.

पेट्रॉक : ऐकलंय त्यानं. रडतोय गाढव. भोकातून इकडं घेतलाय, दोर बांधलाय, या खड्ड्यावरच्या रहाटाला माणसं लावा. भिंत अजून ढासळतेय.

साहेब : ए खालच्या! परवाना नाही म्हणालास ना? आधी तू वर ये.

पेट्रॉक : वहिनी... हे खरंच आलेत की काय?

होनोरा : आलेत. पलीकडच्या बोगद्यातून निसटता येईल तुला.

पेट्रॉक : येईल. पण याला खालून आधार कोण देणार? असू देत आलेले. ओढा.

होनोरा : एकटीला रहाट फिरत नाही रे... थांब. फिरतोय! फिरला! बघा साहेब, तुमचे दोन्ही शिपाई घोडे सोडून दांड्याला लागलेत. मी बोलावलंही नव्हतं. तो त्याचा हात दिसला... हळू, बाबांनो, हळू. आता तुम्ही सांगा साहेब. ज्यानं याला वाचवलं तो अजून खालीच आहे. तो वर आला की त्याचं काय करणार?