तिच्या हाताचे आकडे

—नाही नाही, उठू नका साहेब, बसा, एवढा फेस लावलाय तो काय पुसून टाकायचा? यंत्र कुठे पळून जातंय थोडंच. बायको आत झोपलीय, त्या पडद्यामागे, आणि यंत्र तिच्या उशाशीच आहे—आता आणायला गेलो तर जागी होईल, जागी झाली की विचारेल कोण आलंय, आणि मी काय सांगू? फिजिओ सेंटरचा माणूस तुझा हात न्यायला आलाय? हात म्हणजे यंत्रच हो. आम्ही घरात त्याला हातच म्हणतो. तिचा स्वतःचा उजवा म्हणजे आळशीबुवा, आणि तुमचं ते मोटर लावलेलं हातमोज्यासारखं आहे ना, तो हात. तेव्हा तिला झोपू द्या, दाढी होऊ द्या, मग बघू. मान जरा मागे. अशी.

आता तुम्ही म्हणता सुधारणा झाली, उत्तम झाली, सेंटरमध्ये सगळे खूश आहेत, म्हणून यंत्र पुढच्या पेशंटला—अहो, पण तुम्ही तिला पाहिलंय कधी? मागच्या खेपेला आलात, यंत्र बसवलंत, बटणं दाखवलीत, गेलात. त्यानंतर सगळा कारभार त्या मनगटावरच्या पट्ट्यावर. पट्टा सांगतो हात दिवसभरात किती हलला, तो आकडा तुमच्याकडे जातो, आणि तुम्ही तिकडे बसून म्हणता वा. हात बघा ना तिचा! लकव्याचा झटका आला तेव्हापासून मूठ वळलेली—अंगठा आत, बोटं त्याच्यावर. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो हात कोमट पाण्यात धरतो, करंगळीपासून एकेक बोट सोडवतो, फिजिओबाईंनी शिकवलंय तसं. चौथं सोडवेपर्यंत पहिलं परत वळतं. पण मग तुमचा तो मोजा चढवतो, त्याचे बंद आवळतो, स्क्रीनवर तो खेळातला, पकडायचा फुगा येतो, आणि ती नुसती मनात म्हणते, उघड—दंडावर चिकटवलेल्या त्या चकत्यांना ते कसं कळतं देव जाणे—आणि मोटर घुर्र करते, आणि हात उघडतो. पूर्ण. पाचही बोटं. साहेब, तेव्हा हिचा चेहरा बघायला पाहिजे तुम्ही. अर्धा तास माझी बायको मला परत मिळते, मग मोजा काढला की संपलं.

काजं करायची ती. हो, शर्टाची काजं, बटणं. इकडचे सगळे शिंपी नाजूक कापड असलं की हिच्याकडे पाठवायचे, मशीनचं काज नको, वहिनींच्या हातचं पाहिजे. आणि तोंड? तोंड तर हातापेक्षा जोरात चालायचं! मी इथे गिऱ्हाइकाला एक थाप मारावी आणि तिने आतून ओरडून ती खोटी पाडावी, असं आमचं दुकान. आता शब्द एकेक करून येतात, वाट बघावी लागते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी बोलतो आणि ती ऐकून घेते. गिऱ्हाइकं हसतात या विनोदावर. मीपण हसतो. गाल फुगवा जरा.

तो पुढचा पेशंट कोण आहे? नाही, सहज. ड्रायव्हर? तरुण आहे म्हणता? मग त्याचं होईल हो, तरुण रक्त आहे, आपोआप होईल, त्याला कशाला यंत्र—काय? लहान मुलगी आहे त्याला. हं. नका सांगू मला असलं काही. मी विचारलं ही माझी चूक, पण तुम्ही सांगू नका. त्याची मुलगी असेल, माझीही बायको आहे. मी काय दगड आहे असं नाही, पण बुडणाऱ्याने दुसऱ्याला किती वेळ धरून ठेवायचं, तुम्हीच सांगा. नको, सांगू नका, ब्लेड लागेल.

हं? बोलू नका म्हटलं ना, फेस तोंडात जाईल. आठवड्यातून एक दिवस आकडा का पडतो? पडतो का? असेल, थकते ती, तिलाही सुट्टी नको का एखादी. अगदी तळाला जातो? दर आठवड्याला? आणि तोच दिवस? ...हो, त्या दिवशी दुकान बंद असतं. मग? दुकानाचा आणि तिच्या हाताचा काय संबंध—योगायोग आहे हो. असतात योगायोग.

असे आरशातून बघू नका माझ्याकडे.

बरं, थांबा. बाही वर करतो. हा बघा. हाच ना तो तुमचा पट्टा? काळा, चौकोनी, आतून हिरवा दिवा लागतो तो? झालं समाधान? तुमची ती सुधारणा, बोटांची हालचाल बारीक आणि नियमित आहे, असं लिहून आलं होतं ना सेंटरकडून—ती कात्री आहे साहेब. माझी कात्री. आम्हां लोकांची कात्री केसांत नसली तरी चालू असते, हवेत, कंगवा फिरवतानाही, कच कच कच, हात थांबला की आम्हाला करमतच नाही. ती सगळी मोजली तुमच्या पट्ट्याने. बारीक आणि नियमित! माझ्या वस्तादांनी आयुष्यात एवढी तारीफ केली नाही माझी.

ओरडू नका, ती उठेल. मला काय हौस होती? तुमच्याच मॅडम म्हणाल्या होत्या फोनवर, नुसतं यंत्रात हात उघडून उपयोग नाही, यंत्र काढल्यावर हाताचा वापर वाढला पाहिजे, पट्ट्यावर दिसला पाहिजे, नाही दिसला तर यंत्र दुसऱ्याला द्यावं लागेल, रांग मोठी आहे. द्यावं लागेल! मी फोन ठेवला आणि आत गेलो तर ही बाई मोजा घालून फुग्यामागे हात उघडतेय आणि हसतेय. एका बाजूनेच येतं हसू, पण हसतेय. मग मी काय करायला हवं होतं? सांगा की. बाजारातून तसलाच एक पट्टा आणला, स्वस्तातला, आत काही नसलेला, तो तिच्या हाताला बांधला, आणि तुमचा माझ्या हाताला. म्हटलं, चार दिवस आकडा बरा दिसू दे, तेवढ्यात तिचा हात खरंच चालायला लागेल, मग बदलून टाकू. पण कात्रीला लाजच नाही ना! थोडा हात आखडता घ्यावा, तर दुकानात गर्दी. आकडा चढतच गेला, आणि आता तुम्ही दारात, की अभिनंदन, बरी झाली, यंत्र द्या. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

आणि आता खरं सांगितलं तरी तेच ना? काहीच वापर नाही, म्हणजे उपयोग नाही, म्हणजे न्या यंत्र. खोटं राहिलं तर बरी झाली म्हणून न्या. मग माझ्यासारख्याने बोलायचं तरी काय? साहेब, मधलं काही दाखवता येत नाही का? म्हणजे फार बरी नाही, फार वाईट नाही, हळूहळू येतेय, अजून थोडे महिने लागतील—असा एक आकडा. तुम्हाला जमतं हे सगळं, तुम्ही शिकलेली माणसं. मी हवी तेवढी कात्री थांबवतो, सांगाल तेवढीच चालवतो. पाया पडतो तुमच्या. खुर्ची नसती ना मध्ये, तर खरंच पडलो असतो.

तुम्ही म्हणाल, तिला काय सांगितलंस. तेच तर. तिलाही तोच आकडा सांगतो मी. रोज संध्याकाळी दुकान झाडलं की मोबाईल घेऊन तिच्यापाशी बसतो आणि वाचून दाखवतो—आज एवढा, कालपेक्षा जास्त. ती विचारते, "खरं?" मी म्हणतो, यंत्र खोटं बोलतं का कधी? आणि मग ती तो हात मांडीवर घेऊन बघत बसते, डाव्या हाताने कुरवाळते, शाबासकी दिल्यासारखी. परवा म्हणाली—सुई. मी म्हटलं, काय? म्हणाली, सुई दे. काज करायचंय तिला! मी म्हटलं, घाई नको. ती म्हणाली, आकडा... एवढा... मग का नाही? आता याला काय उत्तर देता? मी म्हटलं, सुया सापडत नाहीत. सगळ्या सुया उचलून इथे गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या ब्लेडांखाली लपवल्यात. बायकोपासून सुया लपवणारा नवरा. तिला वाटतंय ती चढतेय, साहेब, आणि ती जिथल्या तिथे आहे. मी नाही बघू शकत हे. रोज सकाळी वाटतं आज सांगून टाकू, आणि संध्याकाळी परत मोबाईल घेऊन बसतो. कारण दुसरं काही नाहीये हो माझ्याकडे तिला द्यायला! काही म्हणजे काही नाही!

दुसरा गाल इकडे करा. रडत नाहीये, फेस उडाला डोळ्यात. तुम्ही फक्त एवढंच लिहा की घरी कोणी नव्हतं. दुकान बंद होतं, हाका मारल्या, कोणी—

...

अगं. तू कधी उठलीस? तिथे पडद्याला धरून नको उभी राहूस, पडशील. हे ना, हे गिऱ्हाईक आहेत, नवीन, मी आपला यांना गंमत सांगत होतो, तुला माहितीये ना मी कसा थापा—

बस तरी. बरं, नको बसूस.

अगं, दातांनी कशाला ओढतेस तो पट्टा, मला सांग, मी काढतो. लागेल तुला. हं, निघाला. ठेव तिथे. टाकलास? असू दे, टाक.

काय? सावकाश. सावकाश बोल, वाट बघतो मी... "माझा"—हां, तुझा, तुझा काय? "माझा... किती?"

तुझा—

माहीत नाही गं. तुझा आकडा कोणी मोजलाच नाही. तुझ्या हाताला खरा पट्टा नव्हताच ना. असेल काहीतरी. थोडा असेल, जास्तही असेल कदाचित, मला कसं कळणार, माझ्याच हाताला होता. अशी बघू नकोस. तुझ्यासाठीच—बरं. नाही म्हणत.

हा घे. काढतो, काढतोय, बक्कल घट्ट आहे. आण हात इकडे, मी बांधतो, मला माहितीये मूठ कशी धरायची ते, दुखायचं नाही तुला. —यांच्याकडे? यांच्याकडून बांधून घेणार? यांना काय कळतं, ते तर नुसतं— बरं. घ्या साहेब, तुम्ही बांधा. मनगट खालून धरा, अंगठ्याला हात लावू नका. फेस तसाच राहू द्या, एक गाल राहिलाय, राहू दे.

मी काय करू? उभा राहतो इथे. हं? नको? कुठे जाऊ मग?

बाहेर? अगं, दुकान माझं आहे, मी बाहेर कुठे—

बरं. बरं, जातो. दार लावून घेतो.