विमलताईंची रविवारची बैठक

मंडळी, आयाबायांनो, आणि लांजीहून, रामपायलीहून सकाळच्या गाडीनं आलेले पाहुणे,

माईकसमोर उभं राहायची मला सवय आहे. पाच वर्षं नगरपालिकेत या वॉर्डाचा पार्षद होतो. पण आज माझं नाव दोनदा पुकारावं लागलं. ज्या बाईनं मला चार लोकांत बोलायला शिकवलं, तिच्याबद्दलच बोलायचं, आणि पहिल्या रांगेत ती नाही. कसं बोलायचं, सांगा.

मी विमलताई रामटेके यांचा धाकटा भाऊ, प्रभाकर. मागच्या मंगळवारी ताई दुपारी जेवली, जरा आडवी झाली, ती उठली नाही. तिची मुलगी सुजाता नागपूरहून आली, इथंच बसली आहे. जे रडायचं ते आम्ही घरी रडलो. इथं मी रडायला उभा नाही. मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटतो, आणि तो आज मला मोठ्यानं सांगायचा आहे.

आता कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ झाले, म्हणून पोरांना माहीत नसेल. ताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. बाहेरगावी बोलायचं तर आधी ट्रंक कॉल बुक करा, मग वाट पाहा. साहेब असो, राइस मिलवाला असो, की दवाखान्यातून नागपूरला फोन लावणारा गरीब माणूस असो, ताई रांग मोडत नसे. एकदा एका मोठ्या माणसानं फोनवर दरडावलं, "मैं कौन बोल रहा हूँ, मालूम है?" ताई म्हणाली, "मालूम है साहब. आपके पहले एक और साहब हैं, उनकी माँ बीमार है." आणि लाइन त्या दुसऱ्याला दिली.

भावजी लवकर गेले. ताईनं एकटीच्या पगारात सुजाताला शिकवलं. मग एक्सचेंजमध्ये मशिनी आल्या, ताई रिटायर झाली. आम्हाला वाटलं, आता आराम करेल. तिनं काय केलं? दर रविवारी बुद्धविहाराच्या अंगणात सतरंजी टाकली.

पहिल्या दिवशी त्या सतरंजीवर दोघीच होत्या. ताई आणि रजिया आपा, आपल्या गल्लीत ब्लाउज शिवतात त्या. पुढं हळूहळू सगळे यायला लागले. हिंदू, मुसलमान, बौद्ध, आपले गोवारी, पोवार. कोणाच्या गल्लीत दिवा नाही, कोणाच्या नळाला पाणी नाही, ते तिथं बोलायचं आणि मिळून नगरपालिकेत जायचं. ना बॅनर, ना पावती, ना अध्यक्ष. एकदा भोपाळहून एक शिकलेली मुलगी आली. ती म्हणाली, दीदी, तुम्ही तर सिव्हिल सोसायटी आहात. ताई हसली. मला म्हणाली, "बाबू, सोसायटी म्हटलं का मले तं धान घेणारी सोसायटीच आठवते. आमी काई सोसायटी नाई. आमी शेजारी आहोत. पण जागे शेजारी."

जागे शेजारी. मंडळी, हे दोन शब्द मी आजवर विसरलो नाही.

मग नगरपालिकेची निवडणूक आली, आणि मी उभा राहिलो. माझ्यासमोर रमेशभाऊ. ते आज आले आहेत, समोरच बसले आहेत. बैठकीनं ठरवलं की सगळ्या उमेदवारांना एकाच मंचावर बसवायचं, आणि वॉर्डातल्या लोकांनी त्यांना प्रश्न विचारायचे. आणि मंचावर सभा चालवायला कोण? माझी सख्खी बहीण!

मी खूश. मला वाटलं, घरचीच पंच आहे, आपलं काम झालं.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. बाया भिंतीवर बसल्या, माणसं सायकली टेकवून उभी. ताईनं सांगितलं, प्रत्येकाला तीन मिनिटं. रमेशभाऊ बोलत होते, आणि ताईनं तिच्या त्या एक्सचेंजच्या आवाजात म्हटलं, "तीन मिनट हो गए." लोक खो-खो हसले. रमेशभाऊ खाली बसले. मी बोललो. मलाही तसंच, "तीन मिनट हो गए." एक शब्द जास्त नाही.

मग रजिया आपा उठल्या. त्यांनी मला विचारलं, "बाबूभाई, सुना है इसी मैदान में दुकानें बनने वाली हैं. हमारे बच्चे कहाँ खेलेंगे? आप दुकानें बनने दोगे कि नहीं?"

खरी गोष्ट अशी की बाजारातले काही व्यापारी माझ्या मागं होते, आणि त्यांना तिथं गाळे हवे होते. मी त्यांना हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मग मी काय केलं? शहराचा विकास सांगितला. तरुणांचा रोजगार सांगितला. महापुरुषांची नावं घेतली. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती लोकांकडं वळून म्हणाली, "प्रभाकर मेश्राम यांना प्रश्न विचारला होता. उत्तर आलं नाही. पुढचा प्रश्न."

एवढंच. आणि माईक माझ्या हातातून पुढच्याकडं गेला.

घरी आलो तेव्हा आमची आई अजून होती. आईच तिच्यावर बिघडली. "सख्ख्या भावाले चारचौघांत असं बोलतेत काय वो, विमल?" मी म्हटलं, "ताई, तू माही हायेस का लोकायची?"

ताई ताट वाढत होती. ती म्हणाली, "घरी तुहीच आहो. पण त्या खुर्चीवर बसल्यावर मी फक्त तुही कशी राहीन? रमेशच्या मायनं मले काय म्हटलं असतं?" मग माझ्या ताटात भाजी वाढून म्हणाली, "बाबू, तू काहून भेऊन राह्यला? दुकानं पाहिजेत तं पाहिजेत म्हण. नको तं नको म्हण. लोकायले उत्तर दे. मत द्याचं का नाई, ते लोक पाहतीन."

रागात होतो, पण जेवलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रजिया आपांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आपा, दुकानं होऊ देणार नाही. हेच सगळ्या गल्ल्यांत सांगत फिरलो. व्यापारी गेले रमेशभाऊंकडे. तरीही मी निवडून आलो, अगदी थोडक्यात.

ताईनं पेढा भरवला आणि म्हणाली, "आता रविवारी बैठकीत ये. काय केलं ते सांगाले." दर महिन्याला मी त्या सतरंजीवर बसून हिशेब दिला आहे, मंडळी. परीक्षेला बसल्यासारखा!

आणि मग नगरपालिकेत तो ठराव खरंच आला. शाळेच्या पटांगणावर गाळे. मला पक्षातून वरून निरोप होता, हात वर कर. सभागृहात गेलो आणि पाहतो तो काय? मागच्या बाकांवर ताई. रजिया आपा. अख्खी बैठक. आयाबाया पदर सावरून, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. एक घोषणा नाही. एक कागद नाही. अध्यक्षांनी विचारलं, "बहनजी, आप लोग किसलिए आए हैं?"

ताई उभी राहिली. "देखने आए हैं, साहब. सभा तो हमारी ही है ना?"

तिनं बायांना आधीच सांगून आणलं होतं, हे मला नंतर कळलं. "ओरडाचं नाई. आपून पाहाले जाऊन राह्यलो. पाहणं हे बी काम हाये."

आणि खरं सांगतो, पाहणारं कोणी असलं की चुकीच्या बाजूनं हात वर करणं फार जड जातं. माझा हात खाली राहिला. माझ्या शेजारच्याचा खाली राहिला. त्याच्या पलीकडच्यानं वर केलेला हात डोकं खाजवायला नेला! ठराव पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेला बैठक पुन्हा हजर. त्याच्या पुढच्या सभेत तो ठराव आलाच नाही. आज इथं येताना तुम्ही शाळेवरून आलात. पोरं काय करत होती? खेळत होती. हे माझं काम नाही, मंडळी. हे त्या मागच्या बाकांचं काम आहे.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो. रमेशभाऊ जिंकले. संध्याकाळी माझ्या घरात दिवा लावायला कोणी उठेना. ताई डबा घेऊन आली. मला वाटलं, सांत्वन करेल. ती म्हणाली, "खुर्ची गेली. मोहल्ला कुठं गेला? हात धू, जेव. रविवारी बैठक हाये. आता तू विचारणाऱ्यायच्या बाजूनं बस."

मी गेलो. मागं जाऊन बसलो. पार्षद असताना मला वाटायचं, लोकशाही म्हणजे आपण, निवडून आलेले. त्या सतरंजीवर मला समजलं की पार्षद पाच वर्षांचा असतो आणि शेजारी जन्मभराचा. सरकार कोणाचंही येवो, त्याला रोज कोणीतरी विचारलं पाहिजे. आणि विचारणाऱ्याला कोणाची भीती नको, कोणाचं नातं आडवं यायला नको. माझ्या बहिणीनं ते स्वतःच्या भावापासून सुरू केलं.

रमेशभाऊ, तुम्ही एकदा मला म्हणालात, "तुमची बहीण घरी चहा पाजते आन् बैठकीत घाम काढते." हौ म्हणून मान हलवताहेत, पाहा! पण तुम्ही एकही रविवार चुकवला नाही, हेही मी आज सगळ्यांसमोर सांगतो.

लोक मला विचारतात, आता बैठकीचं काय? या रविवारीही सतरंजी पडणार आहे. सभा रजिया आपा चालवतील. त्या नको-नको म्हणत होत्या, सुजातानं त्यांना हाताला धरून तयार केलं. बिरसा गावाच्या बाजूच्या दोन खेड्यांतल्या बाया पाहायला येणार आहेत, त्यांनाही अशी बैठक करायची आहे. मंडळी, एका ऑपरेटर बाईनं मागं आणखी काय ठेवावं?

आता आपण सगळे उभे राहू. ज्यांना उठवत नाही त्यांनी बसूनच हात जोडा. दोन मिनिटं ताईसाठी गप्प राहू.

दोनच मिनिटं. ती संपली की या वॉर्डात कोणी गप्प राहायचं नाही.

ताई, जय भीम.