ती ओळ मी वाचली नाही

माहेर माझं देवासचं, टेकडीखालच्या गल्लीतलं. आम्ही शिंपी. पणजोबांच्या कितीतरी आधीचे कोणी मराठ्यांच्या फौजेबरोबर तिकडून महाराष्ट्रातून आले तंबू शिवायला, आणि मग राहूनच गेले इथं. वडील शाळेच्या पोरांचे कपडे शिवायचे. शाळा आमची हिंदी, मोहल्ला सगळा हिंदी-मालवी, पण घरात वडिलांचा कायदा होता की मराठी वाचता आलीच पाहिजे, मशीन बंद केली की मला पोथी घेऊन बसवायचे, अडखळलीस तरी चालेल पण मोठ्यानं वाच म्हणायचे. भाऊ दोघे पळून जायचे, मी बसायची. म्हणून मला येते. माझ्या पोराला विचाराल तर तो बोलतो मराठी, पण कागद हातात दिला तर अर्ध्यावर थांबतो आणि म्हणतो आई, तूच सांग ना यार काय लिहून ठेवलंय.

लग्न होऊन धारकडे आली. धार म्हणजे शहर नाही, बदनावरच्या अलीकडे खेडं आहे, तिथं सासऱ्यांची जमीन. आमचे हे कचेरीत नोकरीला, धारला खोली घेऊन राहायचे, शनिवारी यायचे. शेत पाहायचे मोठे भावजी, वसंतराव. त्यांची बायको म्हणजे माझी जाऊबाई, शकुंतला. आणि मामंजी, म्हणजे सासरे, ते ओट्यावर खाट टाकून बसलेले असायचे आणि घरातलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलायचं नाही. फार कडक माणूस. जो दारूला शिवला त्यानं माझ्या देवघरात पाऊल टाकू नये, हे त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आणि मोठे भावजी घ्यायचे. रोज नाही, पण घ्यायचे, पंपाच्या खोलीमागे बसून. घरात सगळ्यांना ठाऊक, मामंजींनाही असेल ठाऊक, कोण जाणे, पण तो शब्द आमच्या घरात कोणाच्या तोंडून निघाला नाही कधी. भावजींची तब्येत बरी नाही म्हणायचो. बस, समजून घ्यायचं.

माणूस वाईट नव्हते हो. माझ्या पोराला सायकल त्यांनी शिकवली. बाजाराला गेले की दोघी जावांना बांगड्या एकसारख्या आणायचे, भांडण नको म्हणून. सोयाबीनला कंटाळले होते ते. रतलामच्या बाजूला एका पाहुण्याकडे द्राक्षांचा बाग पाहून आले आणि आठ दिवस दुसरं बोलणंच नाही. मामंजी म्हणाले ते नाजूक पीक आहे, तुझ्याच्यानं होईल का. भावजी म्हणाले बाबा, शिकतो.

शिकवायला मग निफाडकडून दौलतराव आले. सत्तरीचे असतील, टोपी, धोतर, हातात कात्री. आता मजा काय सांगू तुम्हाला, त्यांना हिंदी येत नव्हती आणि आमच्या मजुरांना मराठी कळत नव्हती. भावजींची मराठी अशी की अर्धं वाक्य मराठी आणि अर्धं मालवीत पळून जायचं. दौलतराव म्हणायचे काडी दोन डोळ्यांवर छाट, डोळा म्हणजे काडीवर जिथून कोंब फुटतो ती गाठ, आणि भावजी मजुरांना भलतंच सांगायचे. दोन दिवसांत गोंधळ. तेव्हा भावजीच मामंजींना म्हणाले की मंदाला पाठवा माझ्याबरोबर, तिची मराठी चांगली आहे. असं करून मी, शिंप्याची पोर, जिनं कधी रोप लावलं नव्हतं, ती बागेत गेली. पोळ्या करून जायची आणि उन्हं उतरली की यायची.

मी शिकली. पहिले तर मी फक्त बोलणं इकडचं तिकडे करायची, पण हात कुठे गप्प बसतात. जंगली खुंट लावायचा, त्याला मुळं धरू द्यायची, मग त्यावर चांगल्या जातीचं कलम बांधायचं. कलम बांधायला माझा हात बसला, सुईचा हात ना तो. दौलतराव बघून म्हणाले ही पोर बाग करील. मग तारांचा मांडव, वेल वर चढवायचा, कुठली काडी ठेवायची, कुठली काढायची. एकदा मी न विचारता चांगली जाडजूड काडी कापली, त्यांनी माझ्या हातून कात्री घेतली आणि दोन दिवस दिली नाही. तिसऱ्या दिवशी दिली आणि म्हणाले, आता कापताना हात थांबेल तुझा. माझ्या मराठीला हसायचे, मी गेली, मी आली म्हणते ना मी, तर म्हणायचे अगं गेले म्हण, आले म्हण. पण जीव लावला त्यांनी.

दुसऱ्या वर्षी वेल मांडवावर पसरला. दसऱ्याच्या सुमाराला फळासाठीची पहिली छाटणी होणार, आणि नेमकं तेव्हाच दौलतरावांच्या बायकोला लकवा मारला. ते गेले निघून. फोनवर म्हणाले की छाटणी तुला येते, फक्त नंतर डोळ्यांना औषध लावायचं राहतं, तुमच्याकडे थंडी लवकर पडते, औषध नाही लावलं तर डोळे मागंपुढं फुटतील आणि पीक जाईल. औषध आणि कागद पाठवतो, कागद नीट वाच आणि सगळ्यांना वाचून दाखव. दोनदा म्हणाले ते, सगळ्यांना वाचून दाखव. कॅन आला बसनं, त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मराठी कागद बांधलेला.

तर सकाळची वेळ, आम्ही सगळे ओट्याशी. मामंजी खाटेवर, भावजी पायरीवर, खाली नानसिंग आणि त्याची बायको. ते दोघं उदयनगरकडच्या जंगलातले, आमच्याकडे पहिल्यापासून मजुरीला. जाऊबाई दारात तांदूळ निवडत उभी. मी वाचायला लागली. मराठीत एक ओळ वाचायची, मग मालवीत सांगायची. हातमोजे घाला. तोंडाला फडकं बांधा. अंगाला लागलं तर साबणानं धुवा. छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत लावा. आणि त्याच्याखाली लिहिलेलं की हे औषध लावणाऱ्यानं आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढे आठवडाभर दारूला स्पर्श करू नये, जिवावर बेतेल.

माझे डोळे त्या ओळीवर गेले आणि जीभ अडली. मामंजी समोर बसलेले. भावजींकडे न बघता ती ओळ वाचायची कशी, आणि वाचली की सगळे त्यांच्याकडेच बघणार. धाकटी सून मी. मी खालची ओळ वाचली, कॅन मुलांपासून लांब ठेवा. मनात म्हटलं आत जाऊन जाऊबाईच्या कानावर घालते, ती सांगेल.

आणि घातलंही. चुलीपाशी गेली, ती पाठमोरी होती, मी म्हटलं जाऊबाई, औषध फार कडक आहे, भावजींना म्हणा आठ दिवस तब्येत सांभाळा. तब्येत म्हटलं मी. तो शब्द तिथंही नाही निघाला माझ्या तोंडातून. ती म्हणाली बरं. आणि मी समजली की झालं माझं काम.

नानसिंगला मात्र बागेत मी सरळ सांगितलं. भावजी बादल्या आणायला गेले होते. म्हटलं नानसिंग भिया, आठ दिन दारू मत पीजो, मरी जावगा. त्याला सांगताना काही अडलं नाही बघा. मजूर ना. त्यानं कान पकडले, म्हणाला नी पियूं भाभी. मग विचारलं त्यानं, मालक के मालूम है? मी म्हटलं हो, घरात सांगितलंय.

दोन दिवस काम चाललं. भावजींनी हातमोजे पहिल्या दिवशी दुपारीच काढून टाकले, गरम होतं म्हणाले. मी दोनदा टोकलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी काम संपलं, सगळ्यांनी हात धुतले, भावजी एकदम खूश, म्हणाले मंदा, यंदा आपण अंगूर खाणार. आणि पंपाकडे गेले.

अर्ध्या तासानं आले ते मांडवाचे खांब धरत धरत. तोंड, कान, गळा, छाती, सगळं लालेलाल, रक्त बाहेर येईल असं. म्हणाले डोकं फुटतंय. बसले, ओकले, मग दम लागला, छातीवर हात धरून हवा ओढायला लागले. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलं, मी आणि जाऊबाई मागे, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. बदनावरला डॉक्टर म्हणाले काय झालं, काय खाल्लं, काय प्यायले. जाऊबाई म्हणाली काही नाही. डॉक्टर म्हणाले दारू घेतली का. जाऊबाई म्हणाली आमच्या घरात कोणी घेत नाही. तेव्हा मी बोलली. घेतात, म्हटलं, आणि दोन दिवस द्राक्षाच्या डोळ्यांचं औषध लावलंय हातानं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले हृदय आधीच कमजोर दिसतंय यांचं, दाब उतरतोय, मी सलाईन लावतो, मोठ्या दवाखान्यात न्या लगेच. रतलामच्या रस्त्याला लागलो. अर्ध्यावर पण गेलो नसू. त्यांचा हात माझ्या हातात गार पडला. जाऊबाई ड्रायव्हरला सारखी म्हणत होती भिया, जल्दी चलाव, आणि मला कळलं होतं की आता जल्दी कशाला, पण मी तेही बोलली नाही.

पुढचं काय सांगू. पोलीस आले, कॅन नेला, कागद नेला. कागद मराठीत म्हणून त्यांनी विचारलं कोण वाचून सांगेल, तर मीच. मी वाचला. या वेळेला सगळा वाचला. ओट्यावर मामंजी, आमचे हे, जाऊबाई, सगळे उभे. ती ओळ आली, तीही वाचली, हिंदीत सांगितली. जाऊबाईनं विचारलं, हे त्या दिवशी पण लिहिलेलं होतं? म्हटलं हो. तू पाहिलं होतंस? म्हटलं हो. ती आत गेली. रागावली नाही, रडली नाही, आत जाऊन दिवा लावला. मामंजी माझ्याशी शेवटपर्यंत बोलले, पण नाव घेऊन नाही. अगं, ऐक, एवढंच. दोन वर्षांनी तेही गेले.

आमचे हे म्हणाले बाग तोडून टाकू. मीच म्हटलं नको. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बागेत गेली तर सगळे डोळे एकदम फुटलेले, ओळीच्या ओळी, हिरवे. औषधानं आपलं काम बरोबर केलेलं. मी मांडवाखाली बसून राहिली, नानसिंगची बायको आली, माझ्याजवळ बसली. नानसिंगनं नंतर एकदा म्हटलं, भाभी, मी सांगणार होतो मालकाला, पण मालकाला असं कसं म्हणायचं.

दौलतरावांना मी फोन केला. ते म्हणाले घरात कोणी घेतं का, ते मी विचारून घ्यायला पाहिजे होतं. बस एवढंच. परत आले नाहीत.

त्या साली माल चांगला आला. घड विरळ करायला बारीक कात्रीनं मणी काढावे लागतात, बायकांचं काम, तर जाऊबाई आपणहून आली. एका वेलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी, महिनाभर, आणि बोलणं फक्त टोपली दे, पाणी आण. तिनं एक मणी तोंडात घातला नाही, आजवर नाही. मला मंदा म्हणायची ती बंद झाली. घर एक, चूल एक, आणि असं सात-आठ वर्षं चाललं.

आता अलीकडची गोष्ट. गेल्या माघात माल उतरवत होतो. ऊन होतं, जाऊबाईला चक्कर आल्यासारखं झालं, मी तिला मांडवाखाली बसवलं, पाणी दिलं. तर पाण्याचा गिलास हातात धरून म्हणाली, तू चुलीपाशी सांगितलंस ना तेव्हा मला समजलं होतं. मी म्हटलं काय. म्हणाली तब्येत म्हणजे काय ते. सगळं समजलं होतं. पण त्यांना सांगितलं असतं तर ताट फेकलं असतं त्यांनी, आधी एकदा फेकलं होतं, म्हणून म्हटलं उद्या सांगते.

खरं सांगू का, तुम्ही लिहून घ्या हे. लोकांना वाटेल मला हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. राग आला. इतकी वर्षं मी एकटी जळते, आणि ही जाणून होती, आणि रोज माझ्या हातचं जेवत होती. वाटलं ओरडावं. मग तिच्या हाताकडे पाहिलं, गिलास तसाच भरलेला होता. ती पण एकटीच होती ना. मी गिलास घेतला, घड कापायला लागली. थोड्या वेळानं ती उठून त्याच वेलाच्या पलीकडच्या बाजूला येऊन उभी राहिली.

आता दरवर्षी औषध लावायच्या आधी मी ती ओळ सगळ्यांत पहिले सांगते, मराठीत, हिंदीत, मालवीत, नाव घेऊन, कोणी कोणाचा मालक असो. त्यानं गेलेलं माणूस येत नाही, ठाऊक आहे मला. पोरगा इंदूरला नोकरीला, म्हणतो आई, विकून टाक आता, कोण करणार हे. विकेल तो. मी असेपर्यंत होईल तेवढं करीन, गुडघे बोलायला लागलेत माझे.

तुम्ही इतक्या लांबून आलात, ऐकून घेतलंत. पोरांसाठी घेऊन जा थोडी द्राक्षं, मिठाच्या पाण्यात घटकाभर ठेवा, मग द्या. आणि घरात काही सांगायचं असेल कोणाला तर सांगून टाका. देव तुमचं भलं करो. चला, मला खाली जायचंय, जाऊबाई एकटी आहे बागेत.